भूमिअभिलेख, महाराष्ट्रातील

जमिनीचे क्षेत्र, सीमा, प्रत, आकार, भोगवटा आणि तीवरील हक्क यांसंबंधी शासनाने ठेवलेल्या अधिकृत नोंदी व नकाशे यांस भूमिअभिलेख अशी संज्ञा आहे. तलाठ्याकडील गाव नमुने, भूमापन खात्याकडील मोजणीची कागदपत्रे, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका व दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेले दस्तऐवज यांचा त्यांत सामान्यतः समावेश होतो. महाराष्ट्रातील हे अभिलेख एका वेळी, एका हेतूने वा एका खात्याने निर्माण केलेले नाहीत. आरंभी त्यांचा उद्देश सारावसुली एवढाच होता. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, हा प्रश्न त्यांना पुढे जोडला गेला. आणि हे कागद रयतेस पाहता आले पाहिजेत, हे तत्त्व सर्वांत शेवटी रूढ झाले. अमुक नोंद कोठे सापडेल, ती कशाचा पुरावा ठरते व कशाचा ठरत नाही, याचा उलगडा या क्रमावरून होतो.

मराठा काळ : जमिनीच्या नोंदी ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात ब्रिटिशपूर्व काळापासून चालत आलेली आहे. निजामशाहीत मलिक अंबर (मृ. १६२६) याने जमिनीची प्रत व प्रत्यक्ष उत्पन्न विचारात घेऊन गावोगाव धाऱ्याची आकारणी केली. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीत अण्णाजी दत्तो याजकडे जमिनीच्या मोजणीचे काम होते. सभासद बखरीवरून पाच हात व पाच मुठी लांबीची काठी हे त्या मोजणीचे परिमाण होते, असे दिसते. वीस काठ्या लांब व तितक्याच रुंद क्षेत्रास बिघा आणि १२० बिघ्यांस एक चावर म्हणत. पेशवाईत पाहणी करून ठरविलेल्या पूर्ण आकारणीस ‘कमाल’ हे नाव होते.

गावचे दप्तर कुळकर्णी ठेवी. कोणत्या कुळाने किती जमीन लाविली, तीवर किती आकार बसला, वसूल किती व बाकी किती, हे तो मोडी लिपीत लिहीत असे. कुळकर्णीपण हे वंशपरंपरागत वतन असल्यामुळे दप्तराचे रुमाल त्याच्या घरी राहत आणि वाटणीत भाऊबंदांकडे जात. परगण्याचा हिशेब याच रीतीने देशपांडे ठेवी. वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्या मिरासदाराजवळ बहुधा मिरासपत्र असे. उपऱ्याजवळ तसा कागद क्वचितच असे. हक्काविषयी तंटा उत्पन्न झाल्यास गोतसभा बसे आणि तिच्या निर्णयाचा महजर तयार होई. त्यावर उपस्थितांची नावे व लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर किंवा बलुतेदाराच्या हत्याराचे चित्र ही अशा निशाण्यांची उदाहरणे होत. अर्थात, जमीन कोणाची हे गावाला तोंडी ठाऊक असे व पंचांसमक्ष सांगितले जाई, परंतु त्यासंबंधीचा कागद मात्र एका घराच्या ताब्यात राही. गावाची स्मृती सार्वजनिक आणि दप्तर खाजगी, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

पेशवे दफ्तर व इनाम चौकशी : मराठेशाहीच्या अखेरीस, १८१८ मध्ये पेशव्यांचे सरकारी दफ्तर ब्रिटिशांच्या हाती आले. इनामे, वतने व सरंजाम यांच्या नोंदी त्यात असल्यामुळे नव्या सत्तेने ते जपून ठेविले. त्याचा मोठा उपयोग इनामांच्या चौकशीसाठी झाला. १८५२ च्या ११ व्या अधिनियमान्वये इनाम कमिशनला वैधानिक अधिकार मिळाले. धारकाने पुढे केलेली सनद दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहण्यात येई व पुरावा अपुरा वाटल्यास इनाम खालसा होई. अनेक पिढ्यांचा उपभोग असूनही कागद न सापडल्यामुळे जमिनी गमावण्याचा प्रसंग कित्येक घराण्यांवर आला. या चौकशीने निर्माण झालेला असंतोष लक्षात घेऊन १८६३ च्या दोन अधिनियमांनी ठराविक रक्कम आकारून इनामे कायम करण्याची सुलभ तडजोड लागू केली.

या प्रकरणात दफ्तर सरकारचे होते आणि पुराव्याचा भार मात्र धारकावर होता. ते दफ्तर इतिहाससंशोधकांसही दीर्घकाळ मुक्तपणे पाहता येत नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्यातील सामग्री सामान्य अभ्यासकांपर्यंत पोहोचली. पुण्यातील हे दफ्तर सांप्रत राज्य पुराभिलेखागाराच्या ताब्यात आहे.

ब्रिटिश भूमापन : मुंबई इलाख्यातील नव्या महसूल पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग आर. के. प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात केला. शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावा, हे त्याचे तत्त्व होते; परंतु निव्वळ उत्पन्न ठरविण्यासाठी लागणारी माहिती कनिष्ठ नोकर व गावकामगार यांच्याकडून घ्यावी लागे. मोजणीत चुका व लाचलुचपत झाली, आकार भारी पडला आणि इंदापूर भागात शेते ओस पडू लागली. कागद सुबक असला तरी तो जमिनीवर पडताळून पाहण्याची सोय नसेल तर काय होते, याचा हा धडा होता.

यानंतर एच. ई. गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्याची फेरमोजणी केली. त्यांनी आकारणीसाठी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला आणि जमिनीची सापेक्ष प्रत, हवामान, बाजारपेठेची जवळीक व पूर्वीच्या वसुलीचा अनुभव यांवर दर बसविले. डेव्हिडसन याच्यासह त्यांनी १८४७ मध्ये सादर केलेला संयुक्त अहवाल मुंबई इलाख्याच्या भूमापन पद्धतीचा पाया मानला जातो. त्या पद्धतीत प्रत्येक शेताला स्वतंत्र भूमापन क्रमांक देऊन बांध व दगड यांनी त्याच्या हद्दी कायम करण्यात आल्या. ३३ फुटी साखळी व काटकोन साधण्याचा शंकू यांच्या साहाय्याने मोजणी होई. एक साखळी औरसचौरस म्हणजे १,०८९ चौ. फुटांस एक गुंठा व ४० गुंठ्यांस एक एकर हे कोष्टक त्यातूनच रूढ झाले. मातीचा प्रकार व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडण्यात आल्या. पहिलीची किंमत सोळा आणे व नववीची दोन आणे धरीत. ठरलेला आकार साधारणतः तीस वर्षे कायम राही.

मोजणीच्या वेळी शेतातच लिहिलेले टिपण, क्षेत्र काढण्यासाठी केलेले गुणाकार बुक, प्रतबंदीचे कागद, गावाचा नकाशा आणि सर्व क्रमांकांचे क्षेत्र व आकार दाखविणारा आकारबंद ही या भूमापनाची मूळ कागदपत्रे होत. शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही हद्दीचा वाद उद्भवल्यास भूकरमापकास याच टिपणाचा आधार घ्यावा लागतो. १८६५ च्या मुंबई भूमापन व जमाबंदी अधिनियमाने व पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने या पद्धतीस वैधानिक रूप दिले.

अधिकार अभिलेखाची निर्मिती : भूमापनाच्या कागदांत एक मोठी उणीव होती. सारा भरण्यास जबाबदार असलेल्या खातेदाराचे नाव त्यांत असे. परंतु जमीन प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहे, ती गहाण आहे काय, तिचे हिस्से कोणाकोणात पडले आहेत, हे कळत नसे. शेतकऱ्याचा हक्क हस्तांतरणीय झाल्यामुळे जमिनीवर कर्ज मिळू लागले आणि सावकाराकडे जमिनी जाऊ लागल्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यत्वे सावकारांकडील कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले, कारण निरक्षर ऋणकोला न वाचता येणारा हा कागदच त्याच्या जमिनीचे भवितव्य ठरवीत होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्राम निबंधकासमोर लिहून नोंदविण्याची तरतूद केली. महात्मा फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (लेखन १८८३) या ग्रंथात कुळकर्णी व सरकारी कामगार यांच्या लेखणीखाली रयत कशी नाडली जाते, हे परखडपणे मांडले आहे.

१८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर जमिनींची हस्तांतरे वाढली आणि जुन्या खातेपत्रकांचा प्रत्यक्ष स्थितीशी मेळ राहिला नाही. यावर उपाय म्हणून १९०३ चा मुंबई अधिकार अभिलेख अधिनियम संमत झाला. भोगवटादार, गहाणदार, कुळे आणि इतर हक्क असणाऱ्या व्यक्ती यांची नावे प्रथमच एका सरकारी नोंदवहीत येऊ लागली. १९१३ मध्ये हा अधिनियम रद्द करून त्यातील तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमात स्वतंत्र प्रकरण म्हणून समाविष्ट करण्यात आल्या. गावच्या हिशेबांचे क्रमांकित नमुने निश्चित करण्याचे श्रेय एफ्. जी. एच्. अँडरसन या सनदी अधिकाऱ्यास दिले जाते. त्याचे महसुली हिशेबांचे नियमपुस्तक महसूल खात्यात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

वतनी कुळकर्ण्याची जागा पगारी तलाठ्याने घेण्याची प्रक्रिया ब्रिटिश अमदानीतच सुरू झाली होती. १९५० च्या परगणा व कुळकर्णी वतने नष्ट करण्याच्या अधिनियमाने ती पूर्ण झाली. दप्तर घरातून कचेरीत आले, हा या बदलाचा खरा अर्थ होय.

गाव नमुने व फेरफार : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला आणि राज्याच्या निरनिराळ्या विभागांतील महसूल कायद्यांचे एकीकरण झाले. गावपातळीवर एकूण २१ मुख्य नमुने ठेवले जातात. त्यांपैकी नमुना १ हा आकारबंद, नमुना ६ फेरफार नोंदवही, नमुना ७ अधिकार अभिलेख, नमुना ८-अ एका खातेदाराच्या सर्व जमिनींचे पत्रक आणि नमुना १२ पिकांची नोंदवही आहे. नमुना ७ व नमुना १२ एकत्र लिहिले जात असल्यामुळे ‘सात-बारा’ हे नाव रूढ झाले. पूर्वीच्या मुंबई राज्याचा वारसा म्हणून गुजरातमध्येही हेच नाव प्रचलित आहे.

जमिनीवर हक्क प्राप्त झाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे, अशी तरतूद आहे. नोंदणीकृत दस्तऐवजाची खबर निबंधक परस्पर देतो. तलाठी नमुना ६ मध्ये नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो व हितसंबंधितांना नोटीस देतो. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो; हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते व सुनावणीनंतर निर्णय होतो. प्रमाणित नोंदीचा अंमल नंतर सात-बारावर देण्यात येतो. प्रत्येक नावासमोर असलेला फेरफार क्रमांक म्हणजे ते नाव तेथे कसे आले, याचा माग होय. कमी झालेले नाव खोडून टाकीत नाहीत. त्यास कंस करतात. त्यामुळे जुन्या उताऱ्यावरून आधीचे धारकही वाचता येतात.

अशी प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कायदा सांगतो. मात्र नोंदीने मालकी निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही. महसुली नोंद सारा कोणी भरावयाचा हे ठरविते, मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयानेच करावयाचा असतो, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे.

कूळ, वारस व नोंद : कायद्यात नोंदीचे स्थान एवढे मर्यादित असले, तरी व्यवहारात तिने अनेकांचे भवितव्य ठरविले. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने व त्यातील १९५६ च्या दुरुस्तीने पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला; त्या दिवशी जमीन कसणारे पात्र कूळ तिचे मालक मानले गेले. अर्थातच त्या सुमारास सात-बारावर कूळ म्हणून नाव असणे निर्णायक महत्त्वाचे ठरले. पीकपाहणीच्या नोंदीत लागवडीची रीत कशी दाखविली आहे, यावर पुढे वर्षानुवर्षे दावे चालले. तोंडी कराराने जमीन कसणाऱ्या पुष्कळांची नावे कागदावर कधीच आली नव्हती. वि. म. दांडेकर व ग. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या व १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कायद्याचे संरक्षण असूनही कुळांकडील जमिनी मोठ्या प्रमाणावर मालकांकडे परत गेल्याचे आढळून आले. ज्याने उतारा वेळीच पाहिला व चूक दुरुस्त करून घेतली, तो टिकला. ज्याला तो पाहता आला नाही, त्याला कायद्याचा लाभ मिळविणे दुरापास्त झाले.

वारसाहक्काच्या बाबतीतही हेच दिसते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीस कर्त्याचे एकट्याचे नाव लावून पुढे ‘ए. कु. क.’ अशी अक्षरे लिहिण्याची जुनी पद्धत होती. कालांतराने ती अक्षरे गळून पडली, की भावांचे हक्क कागदावरून दिसेनासे होत. मुलींची नावे पुष्कळदा भोगवटादाराच्या रकान्याऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिली जात. हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्राची १९९४ ची व केंद्राची २००५ ची दुरुस्ती यांनी मुलींना सहदायादाचे स्थान दिले. तथापि ते हक्क प्रत्यक्षात उतरण्यासाठी नोंदही त्याप्रमाणे व्हावी लागते.

प्रादेशिक भेद : राज्याचे निरनिराळे विभाग वेगवेगळ्या अंमलांखाली असल्यामुळे जुन्या अभिलेखांची नावे व भाषा सर्वत्र सारखी नाहीत. नागपूर विभागात मालगुजारी पद्धत होती. तेथील बंदोबस्ताच्या मिसलींत खसरा, जमाबंदी, गावच्या रूढी सांगणारा वाजिब-उल-अर्ज व सामाईक वापराचे हक्क दर्शविणारे निस्तार पत्रक हे कागद आढळतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. वऱ्हाडात मात्र मुंबईच्या धर्तीवर रयतवारी भूमापन झाले होते. मराठवाड्यातील महसुली व्यवस्था हैदराबाद संस्थानच्या १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्यानुसार चाले. तेथील पहाणी पत्रके फसली सनाप्रमाणे ठेवलेली असून जुने कागद उर्दूत आहेत. फसली सनात सु. ५९० मिळविल्यास इसवी सन येतो, हे ठाऊक नसल्यास त्यांचा काळ लावता येत नाही. रत्नागिरी व कुलाबा भागांत खोती गावे होती. १८८० च्या खोती जमाबंदी अधिनियमाने खोत व कुळे यांच्या हक्कांच्या नोंदी करण्याची व्यवस्था केली आणि १९४९ च्या अधिनियमाने खोती रद्द झाली.

गोव्यात पोर्तुगीज काळातील भूमिनोंदणी व गावकारीचे (कोमुनिदाद) दप्तर हे जुने आधार असून, १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर नमुना १ व १४ हा तेथे सात-बाराच्या जागी आहे.

जुनी दप्तरे वाचण्याचा प्रश्न केवळ जमिनीपुरता राहिलेला नाही. कुणबी जातीच्या नोंदी शोधण्यासाठी शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मोडी व उर्दू लिपींतील महसुली कागदांचीही तपासणी करावी लागली. मोडी जाणणाऱ्यांची उणीव त्या वेळी तीव्रतेने जाणवली.

नगर भूमापन व दस्तनोंदणी : शेतजमिनीचा सात-बारा असतो, गावठाण व शहरातील भूखंडांची नोंद नगर भूमापनात होते. १९६६ च्या अधिनियमानुसार दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावठाणांची अशी मोजणी करता येते. प्रत्येक मिळकतीची चौकशी होऊन धारकास सनद मिळते आणि पुढील बदल मिळकत पत्रिकेवर लिहिले जातात. मुंबई बेटाची परंपरा वेगळी आहे. तेथे कर्नल लॉटन याने १८६५–७२ या काळात सविस्तर मोजणी केली व १८७६ चा स्वतंत्र महसूल अधिनियम दीर्घकाळ लागू होता. नगरपालिकेची कर पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे करआकारणीचे कागद आहेत. तलाठ्याच्या ८-अ शी नावाचे साम्य असल्यामुळे ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा मालकीचा उतारा समजण्याची चूक अनेकदा होते.

खरेदी, गहाण, बक्षीस इ. दस्तऐवजांची सक्तीची नोंदणी १८६४ च्या अधिनियमापासून सुरू झाली. सध्या १९०८ चा नोंदणी अधिनियम लागू आहे. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्र. १ मध्ये असतात. ते पुस्तक व त्याच्या सूची कोणाही व्यक्तीस पाहता येतात. त्यासाठी मिळकतीशी संबंध दाखवावा लागत नाही. मृत्युपत्रांचे पुस्तक क्र. ३ व संकीर्ण दस्तांचे पुस्तक क्र. ४ यांना मात्र ही मुभा नाही. पक्षकारांच्या नावांवरून शोध घेण्यासाठी सूची क्र. १ व मिळकतीवरून घेण्यासाठी सूची क्र. २ उपयोगी पडते. व्यवहार झाला एवढेच नोंदणी सांगते. विकणाऱ्यास विकण्याचा अधिकार होता काय, याची हमी ती देत नाही.

अभिलेखांचा शोध : जमिनीचा इतिहास उलट्या क्रमाने शोधावा लागतो. प्रथम चालू सात-बारा व ८-अ घेऊन त्यावरील फेरफार क्रमांक उतरून घेतात. प्रत्येक फेरफार वाचला असता हक्क वारसाने आला, खरेदीने आला, वाटणीने आला की न्यायालयाच्या आदेशाने, हे कळते. खरेदीचा उल्लेख असल्यास सूची क्र. २ वरून मूळ दस्ताची प्रत मिळते. याबरोबरच जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे की वर्ग २ ची, हे पाहणे आवश्यक असते. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. आदिवासींच्या जमिनींना १९७४ पासून विशेष संरक्षण आहे, म्हणून त्या काळातील फेरफार काळजीपूर्वक तपासावे लागतात.

मागे जाताना बहुधा एका टप्प्यावर क्रमांक बदलतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमाखाली ज्या गावांत योजना झाली, तेथे भूमापन क्रमांकांऐवजी गट क्रमांक आले. जुना क्रमांक कोणत्या गटात गेला, हे एकत्रीकरणाच्या पत्रकावरून जुळवून घ्यावे लागते. पोटहिश्श्यांसाठी फाळणी नकाशा व आकारफोड, आणि क्षेत्रातील बदलासाठी कमी-जास्त पत्रक पाहावे लागते. हे कागद तालुक्याच्या भूमिअभिलेख उप अधीक्षकाकडे असतात. हक्कांची जुनी नोंदपुस्तके तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. एकाच जमिनीचा हक्क एका कचेरीत, नकाशा दुसरीत आणि दस्त तिसरीत, ही या व्यवस्थेची मूळची विभागणी आहे. या तीन ठिकाणची माहिती परस्परांशी जुळल्याशिवाय शोध पूर्ण झाला असे मानता येत नाही. खरेदीपूर्वी मागील तीस वर्षांचा शोध घेण्याचा वकिलांचा प्रघात आहे.

१९६६ च्या अधिनियमाने नकाशे व भूमिअभिलेख नियमांच्या अधीन राहून लोकांना पाहण्यास खुले ठेवले असून, निरीक्षण, शोध व नकला यांचे नियम १९७० मध्ये करण्यात आले. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळविण्याचा हक्क १८७२ च्या पुरावा अधिनियमात होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने आणि २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने या हक्कास बळकटी आली. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यास आहे. प्रमाणित फेरफाराविरुद्ध अपील करता येते.

संगणकीकरण : भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांपैकी एक होता. २००८ मध्ये व्यापक राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. हस्तलिखित सात-बारा संगणकावर चढविताना नावे, क्षेत्रे व शेरे यांत चुका झाल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली व उतारे ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचले गेले. गोतसभेच्या काळी गावाच्या तोंडी असलेली माहिती कागदाशी पुन्हा ताडून पाहण्याचाच हा प्रयत्न होता. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला, २०२० च्या स्वामित्व योजनेने गावठाणांची ड्रोनद्वारा मोजणी सुरू झाली आणि २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्यास स्वतः करता येऊ लागली. जुन्या अभिलेखांच्या प्रतिमाही टप्प्याटप्प्याने उपलब्ध होत आहेत.

उतारा मिळविण्यासाठी तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची गरज यामुळे पुष्कळ कमी झाली. परंतु संगणकावरील नोंद मूळ नोंदीइतकीच खरी वा खोटी असते. १९५७ मध्ये वगळलेले नाव तिच्यात आपोआप येत नाही. मालकीची शासकीय हमी देणारी पद्धती महाराष्ट्रात अद्याप नाही. म्हणून फेरफाराची नोटीस वाचणे, मुदतीत हरकत घेणे आणि उतारा वेळोवेळी पाहणे हेच धारकाचे मुख्य संरक्षण राहते. कुळकर्ण्याच्या घरातील रुमालापासून सर्वांस खुल्या असलेल्या उताऱ्यापर्यंत झालेला बदल मोठा आहे; तथापि अभिलेख खुला असणे आणि तो वाचता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरीची पूर्तता अजून व्हावयाची आहे.